जंगलातली वाट तीच, मग ओढा प्रत्येक ऋतूत वेगळा का वागतो?

धुक्यात हरवलेली वाट, दोन्ही बाजूंना हिरवंगार जंगल आणि गुडघाभर पाण्यातून एकमेकांचे हात धरून ओढा ओलांडणारे चार-पाच जण. पावसाळा सुरू झाला की इन्स्टाग्रामवर असे व्हिडिओ रोज दिसू लागतात. खाली लोकेशन असतं, गाणं असतं, 'हिडन जेम' असंही लिहिलेलं असतं. सहसा नसते ती एकच गोष्ट, तारीख.

जंगलातल्या ओढ्याच्या बाबतीत मात्र तारीख लोकेशनइतकीच महत्त्वाची असते. कारण ज्या ओढ्यात जानेवारीत चप्पलही भिजत नाही, तोच ओढा जुलैमध्ये माणसाला उचलून नेऊ शकतो. आणि जुलैमध्येही सकाळी सात वाजताचा ओढा आणि दुपारी तीन वाजताचा ओढा सारखा असेलच असं नाही.

हे असं का होतं, एका वाटेने जाऊन दुसऱ्या वाटेने परत यायचं असेल तर धोका का वाढतो आणि कोणत्या ऋतूत काय बघायचं, हे समजून घेण्यासाठी सह्याद्रीतली एक प्रसिद्ध फेरी उदाहरण म्हणून घेऊ: खांडस ते भीमाशंकर आणि परत खांडस.

ही फेरी नेमकी कुठली?

खांडस हे रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातलं, सह्याद्रीच्या पायथ्याचं गाव. भीमाशंकर वर, पुणे जिल्ह्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे एक हजार मीटर उंचीच्या घाटमाथ्यावर आहे. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक म्हणून ते सगळ्यांना माहीत असतं. त्याच्या आजूबाजूचं जंगल १९८५ मध्ये अभयारण्य म्हणून जाहीर झालं. सुमारे १३० चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य पुणे, रायगड आणि ठाणे या तीन जिल्ह्यांत पसरलेलं आहे. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू इथल्या उंच झाडांवर राहतो.

खांडसहून वर जायला दोन वाटा आहेत. एक गणेश घाटाची. ती लांबची, पण तुलनेने सोपी. वाटेत गणपतीचं छोटं देऊळ लागतं आणि ही वाट पदरगडाच्या बाजूने जाते. दुसरी शिडी घाटाची. ती जवळची, पण सरळ अंगावर येणारी. तिच्यात कातळाचे अवघड टप्पे आहेत, पाण्याच्या घळी आहेत आणि लोखंडी शिड्या आहेत. नावही त्यावरूनच पडलं. दोन्ही वाटा मधल्या पठारावर, पदरवाडीच्या परिसरात एकत्र येतात आणि तिथून पुढे जंगलातून एकच चढण भीमाशंकरला जाते.

त्यामुळे बरेच ट्रेकर शिडी घाटाने चढतात आणि गणेश घाटाने उतरतात. अवघड वाट चढताना घ्यायची आणि सोपी उतरताना, हा त्यामागचा साधा विचार. या फेरीत दोन्ही बाजूंनी पाण्याच्या जागा लागतात. कुठे ओढा, कुठे ओहोळ, कुठे फक्त ओला कातळ. वर्षभरात या जागांचं रूप पूर्ण बदलतं.

पावसाळ्यात वाटा बंद का ठेवतात?

३० जून २०२४ चा रविवार अनेकांना आठवत असेल. लोणावळ्याजवळ भुशी धरणाच्या मागच्या बाजूला असलेल्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्याचा व्हिडिओ देशभर फिरला. प्रवाहाच्या मधोमध एका खडकावर एकमेकांना धरून उभी असलेली माणसं आणि चारही बाजूंनी पाणी. ते तिथे गेले तेव्हा पाणी इतकं नव्हतं. पाणी वाढलं आणि काठावर परत यायची वाटच उरली नाही.

या घटनेनंतर पुणे जिल्ह्यातल्या धबधबे, धरणं आणि घाटांच्या परिसरात निर्बंध आले. त्याच पावसाळ्यात वन विभागाने भीमाशंकर अभयारण्यातले काही धबधबे, काही नाले आणि खांडसकडून येणाऱ्या घाटवाटा पर्यटकांसाठी बंद ठेवल्या.

असे आदेश आले की कमेंटमध्ये एक प्रश्न हमखास येतो: 'जंगल सगळ्यात सुंदर असतं तेव्हाच बंद का करता?' त्याचं उत्तर जंगलाच्या सौंदर्यातच आहे. धबधबे, ओढे, धुकं आणि हिरवे कातळ हे सगळं ज्या पावसामुळे दिसतं, त्याच पावसामुळे परतीची वाट बंद होऊ शकते.

बंदी दरवर्षी सारखीच असते असंही नाही. कोणत्या वाटा, किती दिवस, हे त्या त्या वर्षीच्या आदेशावर ठरतं. म्हणून निघण्याआधी वन विभाग, जिल्हा प्रशासन किंवा खांडसमधल्या स्थानिकांकडून त्या आठवड्याची स्थिती विचारून घेणं गरजेचं आहे. मागच्या वर्षीची पोस्ट इथे कामाची नाही.

ओढा इतक्या पटकन कसा चढतो?

मोठ्या नदीला पूर येतो तेव्हा बऱ्याचदा काही तास, कधी एखादा दिवस आधी अंदाज येतो. घाटातल्या ओढ्याला तेवढा वेळ लागत नाही. याची तीन कारणं आहेत.

पहिलं कारण उतार. खांडसपासून भीमाशंकरपर्यंत थोड्या अंतरात शेकडो मीटरची चढण आहे. वर पडलेलं पाणी तेवढ्याच तीव्र उतारावरून खाली येतं. वाटेत त्याला थांबायला सपाट जागा फारशी मिळत नाही.

दुसरं कारण कातळ. सह्याद्रीचा हा भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांनी बनला आहे. या बेसाल्ट खडकात पाणी मुरतं ते मुख्यतः भेगांमधून. वरची माती अनेक ठिकाणी पातळ आहे. पावसाळ्याच्या सुरुवातीला ही माती पाणी पिते. जुलैपर्यंत ती तुडुंब भरलेली असते आणि मग पडणारा पाऊस जवळजवळ तसाच्या तसा ओढ्यात उतरतो. म्हणूनच जूनमधल्या पावसाने जितकं पाणी वाढतं, त्यापेक्षा तितक्याच पावसाने ऑगस्टमध्ये जास्त वाढू शकतं.

तिसरं कारण पावसाचा जोर. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाने भरलेले वारे सह्याद्रीला धडकून वर चढतात, थंड होतात आणि घाटमाथ्यावर भरपूर पाऊस देतात. हेच वारे पुढे पुण्याकडे जाईपर्यंत त्यांच्यातला बराच पाऊस संपलेला असतो.

आता एक साधा हिशोब करू. एखाद्या ओढ्याला एक चौरस किलोमीटर भागातून पाणी मिळतं असं धरा. त्या भागावर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी होतं ५ कोटी लिटर. त्यातलं निम्मं जरी पुढच्या तासाभरात ओढ्यातून वाहून गेलं, तरी दर सेकंदाला सुमारे ७ हजार लिटर, म्हणजे ७ टन पाणी तुमच्यासमोरून जाईल. तेही चार-पाच मीटर रुंदीच्या घळीतून.

यातला फसवा भाग असा की हा पाऊस तुमच्या डोक्यावर पडायलाच हवा असं नाही. तुम्ही खाली कोरड्या जागी उभे असाल आणि वरच्या धारेवर ढग रिकामे होत असतील, तरी पाणी तुमच्याकडेच येणार आहे.

गुडघाभर पाण्याला काय घाबरायचं?

पाण्याची खोली डोळ्यांना दिसते, वेग मात्र नीट कळत नाही. आणि माणसाला पाडतो तो मुख्यतः वेग.

वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा अंगावर येणारा जोर चौपट होतो. वेग तिप्पट झाला तर जोर नऊपट. त्यामुळे स्विमिंग पूलमधलं गुडघाभर पाणी आणि घाटातल्या ओढ्यातलं गुडघाभर पाणी यांची तुलनाच होत नाही. वेगाने वाहणारं १५ सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम घोट्याच्या वर येणारं पाणीसुद्धा मोठ्या माणसाचा तोल घालवू शकतं.

त्यात पायाखालचा कातळ शेवाळलेला असतो. पाणी गढूळ असेल तर तळ दिसत नाही. दगड प्रवाहाबरोबर हलत असतात. पाय दोन दगडांच्या फटीत अडकला आणि माणूस त्याच वेळी पडला, तर उथळ पाण्यातही डोकं वर काढणं अवघड होतं.

म्हणून ओढा बघताना 'पाणी किती खोल आहे' याच्यासोबत आणखी एक प्रश्न विचारायला हवा: 'मी इथे पडलो तर वाहत कुठे जाईन?' खाली शांत डोह असेल तर एक गोष्ट. खाली धबधब्याचा कडा असेल, तर घोटाभर पाण्यातही तिथे उतरायचं नाही. चांगलं पोहता येतं म्हणून इथे फारसा फरक पडत नाही. अशा प्रवाहात पोहायला जागाही नसते आणि वेळही मिळत नाही.

फेरीची वाट जास्त फसवी का असते?

ज्या वाटेने गेलो त्याच वाटेने परत यायचं असेल, तर जाताना प्रत्येक ओढा तुम्ही पाहिलेला असतो. कुठे ओलांडला, पाणी कुठपर्यंत आलं होतं, हे माहीत असतं. परतताना तुलना करता येते.

फेरीत असं होत नाही. शिडी घाटाने चढून गणेश घाटाने उतरणाऱ्याला उतरणीवरच्या पाण्याच्या जागा त्या दिवशी पहिल्यांदाच दिसतात. त्याही दुपारनंतर, पाय दमलेले असताना, पाणी-खाणं संपत आलेलं असताना. समोरच्या काठापलीकडे गाव दिसत असतं, तिथे गाडी उभी असते, दुसऱ्या दिवशी ऑफिस असतं. आणि मागे फिरायचं तर अख्खा डोंगर पुन्हा चढायचा असतो.

अशा वेळी माणूस पाणी बघून निर्णय घेत नाही, घड्याळ बघून घेतो. 'एवढं आलोय, आता हा शेवटचाच ओढा' हे वाक्य तिथेच उच्चारलं जातं.

त्यामुळे फेरीचा निर्णय ओढ्याच्या काठावर घ्यायचाच नसतो. तो आधी घ्यायचा असतो, परतणं अजून सोपं असताना. या फेरीत अशा दोन जागा आहेत.

पहिली जागा म्हणजे सुरुवातीचं पाणी. पहिल्याच ओढ्यात पाणी गढूळ आणि जोरात असेल, तर वर काय असेल याचा अंदाज तिथेच येतो. शिडी घाटात तर हे आणखी महत्त्वाचं, कारण ओल्या शिड्या आणि ओला कातळ चढता आला तरी तोच उतरणं कितीतरी अवघड असतं. एकदा शिड्या मागे पडल्या की मागे फिरण्याचा पर्याय जवळजवळ संपतो.

दुसरी जागा म्हणजे भीमाशंकर. इथे बहुतेक लोक एक गोष्ट विसरतात: भीमाशंकरला पक्की सडक येते. तिथून मंचर आणि पुण्याकडे एसटी जाते. वर पोहोचल्यावर पावसाचा जोर वाढला, तर खाली उतरण्याची सक्ती कुणी केलेली नाही. एसटीने पुणे, तिथून लोकलने किंवा दुसऱ्या बसने घरी. फेरा मोठा पडेल, पैसे जातील, खांडसला लावलेली गाडी आणायला दुसऱ्या दिवशी पुन्हा यावं लागेल. पण ओढ्याच्या काठावर अंधारात अडकण्यापेक्षा हे कधीही परवडतं.

हवामानाचा इशारा कसा वाचायचा?

भारतीय हवामान विभाग जिल्हावार इशारे देतो. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा आणि लाल म्हणजे तातडीने कृती करा. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस म्हणजे 'मुसळधार', ११५.६ ते २०४.४ म्हणजे 'अति मुसळधार' आणि त्याहून जास्त म्हणजे 'अत्यंत मुसळधार' असं वर्गीकरण केलं जातं.

इथे दोन ठिकाणी गल्लत होते. एक म्हणजे पुण्यात राहणारे पुणे शहराचा अंदाज बघतात. शहरात रिमझिम असताना घाटमाथ्यावर कितीतरी पट पाऊस पडत असू शकतो. म्हणूनच पुणे, सातारा, कोल्हापूर अशा जिल्ह्यांसाठी हवामान विभाग घाट परिसराचा इशारा वेगळा देतो. बघायचा तो 'पुणे घाट'.

दुसरी म्हणजे जिल्ह्याची हद्द. या फेरीची सुरुवात रायगडमध्ये आणि माथा पुण्यात. त्यामुळे दोन्ही इशारे बघावे लागतात. मोबाईलवरच्या हवामान अ‍ॅपमध्ये 'खांडस' टाकून आलेलं ढगाचं चित्र तेवढ्यापुरतं पुरेसं नाही.

याशिवाय पुढच्या तीन तासांसाठी हवामान विभागाचा तातडीचा अंदाजही येतो. पण जंगलात अनेक ठिकाणी मोबाईलला रेंज नसते. त्यामुळे तो बघून घ्यायचा तो खांडसला निघण्याआधी आणि नंतर वर रेंज मिळाल्यावर, उतरायला सुरुवात करण्यापूर्वी.

कॅलेंडरवर विसंबून राहण्याचेही दिवस गेले. मान्सून मुंबईत येण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून मानली जाते. २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच पोहोचला. मे महिन्यातला 'उन्हाळी ट्रेक' ठरवून ठेवलेल्यांसमोर त्या वर्षी थेट पावसाळ्यातली वाट होती.

सप्टेंबर-ऑक्टोबर: पाऊस संपला, धोका संपला?

पूर्णपणे नाही. या दिवसांत जंगल फार देखणं असतं. सोनकी, तेरडा अशी फुलं दिसतात, पाणी नितळ झालेलं असतं, धुकं विरळ होतं. मुंबईतून मान्सून परतण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर आहे.

पण परतीच्या पावसाची पद्धत वेगळी असते. सकाळी लख्ख ऊन, दुपारी उकाडा आणि तीन-चार वाजता गडगडाटासह जोराची सर. नेमक्या त्याच वेळी फेरी करणारे उतरणीवर असतात. ऑगस्टमध्ये लोक पावसाच्या तयारीने आलेले असतात, ऑक्टोबरमध्ये नसतात. म्हणून या दिवसांत पहाटे लवकर सुरुवात करून दुपारपर्यंत ओढे मागे टाकणं शहाणपणाचं.

शेवाळही अजून वाळलेलं नसतं. वरून कोरडा दिसणारा कातळ सावलीतल्या बाजूला निसरडा राहतो. आणि पावसाळाभर भिजलेल्या उतारावरची माती, दगड सैल झालेले असतात. भीमाशंकरला लागून असलेल्या आंबेगाव तालुक्यात ३० जुलै २०१४ रोजी माळीण गावावर डोंगर कोसळून दीडशेहून अधिक माणसं गेली. भिजलेला डोंगर किती मोठा धोका असतो, हे या भागाला वेगळं सांगावं लागत नाही. वाटेवर ताजी माती वाहून आलेली दिसली, झाडं तिरकी झालेली दिसली किंवा वरून बारीक दगड येत असतील, तर तिथे फोटोसाठीसुद्धा थांबू नये.

हिवाळा: ही फेरी करण्याचे खरे दिवस

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ अशा फेरीसाठी सगळ्यात चांगला. ओढ्यांची धार बारीक होत जाते. सुरुवातीला दगडांवर उड्या मारत ओलांडावे लागणारे ओहोळ जानेवारीपर्यंत अनेक ठिकाणी सुकतात आणि पाणी डोहांपुरतं उरतं. ज्या कातळी थरांमुळे पावसाळ्यात पाणी झटकन वाहून जातं, त्यामुळेच ते फार काळ साठूनही राहत नाही.

या ऋतूत धोका पाण्याचा कमी आणि उजेडाचा जास्त. डिसेंबरमध्ये सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि दाट झाडीत त्याच्या आधीच अंधारून येतं. पालापाचोळ्याने वाट झाकली जाते आणि चुकीच्या फाट्यावर वळायला वेळ लागत नाही. वाळलेल्या पानांखाली मुरूम असेल तर उतरताना पाय सटकतो. म्हणून हिवाळ्यातही टॉर्च प्रत्येकाकडे वेगळी हवी. मोबाईलची टॉर्च हा शेवटचा उपाय.

शेकोटी पेटवायची नाही. कोरडं गवत पेटायला एक ठिणगी पुरते आणि अभयारण्यात आग लावणं हा गुन्हा आहे.

उन्हाळा: आता ओढ्याची गरज असते, तेव्हा तो नसतो

मार्च ते मे या काळात चित्र उलटं होतं. पावसाळ्यात जे पाणी चुकवायचं असतं, ते उन्हाळ्यात शोधूनही सापडत नाही. मागच्या ऑक्टोबरमधल्या व्हिडिओत खळाळता ओढा बघून 'वाटेत पाणी मिळेल' असं धरून निघालेल्याला तिथे कोरडे दगड भेटतात.

कोकणाच्या बाजूने चढताना उन्हाबरोबर दमटपणाही असतो. घाम सुकत नाही आणि अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. माणशी किमान तीन-चार लिटर पाणी, मीठ-साखर किंवा ओआरएस सोबत हवं आणि भर दुपारी चढणीवर नसायला हवं. डोकं दुखणं, मळमळ, बोलण्यात गोंधळ ही लक्षणं दिसली, तर त्या माणसाला लगेच सावलीत घ्यायचं आणि अंग गार करायचं.

एखाद्या डोहात पाणी उरलं असेल, तर ते जंगलातल्या प्राण्यांचं त्या महिन्यातलं पिण्याचं पाणी असतं. तिथे साबण लावून आंघोळ करणं किंवा भांडी घासणं म्हणजे ते पाणी त्यांच्यासाठी संपवणं. कातळकड्यांवर आग्या मोहोळं असतात. धूर, परफ्यूम आणि आरडाओरडा यांनी माश्या उठतात.

वळवाचा पाऊस: दोन ऋतूंमधली फसवी संधी

मे अखेरीस पहिल्या सरी येतात, काजवे चमकू लागतात आणि सह्याद्रीत गर्दी होते. ओढे अजून कोरडेच दिसतात. पण वळवाचा पाऊस विजांसह येतो आणि थोड्या वेळात भरपूर पडतो. वर्षभराचा पालापाचोळा, काटक्या आणि सैल माती घेऊन पहिला लोंढा उतरतो. कोरड्या ओढ्याच्या पात्रात तंबू लावणं किंवा जेवायला बसणं याच कारणासाठी धोक्याचं. सपाट, वाळूची, सावलीतली ती जागा पाण्यानेच तयार केलेली असते.

वीज कडाडत असताना लोखंडी शिडीला हात लावायचा नाही आणि उघड्या पठारावर एकट्या झाडाखाली थांबायचं नाही. अभयारण्यात परवानगीशिवाय रात्री फिरता येत नाही, हेही काजवे बघायला निघणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

पाणी वाढतंय, हे कसं ओळखायचं?

ओढ्याजवळ थांबलात की पाण्याच्या कडेचा एक दगड हेरून ठेवा. दहा मिनिटांनी तो बुडालेला दिसला, तर पाणी चढतंय. याशिवाय काही खुणा ठळक असतात:

• नितळ पाणी अचानक मातकट होणं

• पानं, काटक्या, फेस जास्त प्रमाणात वाहून येणं

• पाण्याचा आवाज बदलणं, घरंगळणाऱ्या दगडांचा घुमल्यासारखा आवाज येणं

• वरच्या डोंगरावर काळे ढग उतरलेले दिसणं

यातली एक जरी खूण दिसली, तरी आधी पात्रातून बाहेर पडून उंच जागी जायचं. सामान राहिलं तर राहू द्यायचं.

मध्येच अडकलात तर काय करायचं?

पहिला पर्याय नेहमी थांबण्याचा. घाटातला छोटा ओढा जसा पटकन चढतो तसा उतरतोही. पाऊस थांबल्यावर काही तासांत त्याचा जोर बऱ्याचदा कमी होतो. पदरवाडीसारख्या वस्त्यांमधल्या लोकांसाठी या वाटा सहलीच्या नाहीत, रोजच्या येण्याजाण्याच्या आहेत. पाणी जास्त असेल तर थांबायचं, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. वाटाड्या 'आत्ता नको' म्हणाला, तर तो विषय तिथेच संपायला हवा.

थांबायची तयारी सॅकमध्ये असावी लागते: एक कोरडा कपड्यांचा जोड प्लास्टिकमध्ये गुंडाळून, टॉर्च, जास्तीचं खाणं, शिट्टी आणि भरलेली पॉवर बँक. घरी कुणाला तरी वाट आणि परतीची वेळ सांगून ठेवलेली असावी.

ओलांडणं टाळताच येत नसेल आणि पाणी गुडघ्याच्या खाली असेल, तरच काही गोष्टी उपयोगी पडतात. अरुंद जागेपेक्षा पात्र पसरट असलेली जागा निवडायची, कारण तिथे पाणी उथळ आणि संथ असतं. बूट काढायचे नाहीत. सॅकचे छाती-कमरेचे पट्टे सोडायचे, म्हणजे पडल्यास ती लगेच टाकता येते. प्रवाहाच्या वरच्या बाजूला तोंड करून, काठीचा आधार घेत, एका वेळी एकच पाऊल. कमरेला दोर बांधून उतरायचं नाही. माणूस पडला तर तोच दोर त्याला पाण्याखाली धरून ठेवू शकतो. आणि लहान मुलं सोबत असतील तर हा पर्यायच नाही.

मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे, रुग्णवाहिकेसाठी १०८. कुणी वाहून गेलं तर त्याच्यामागे पाण्यात उडी मारू नये. काठावरून काठी, दोर किंवा ओढणी फेकता येते. एकाला वाचवायला दुसरा आणि दुसऱ्याला वाचवायला तिसरा उतरल्यामुळे अनेक दुर्घटना मोठ्या झाल्या आहेत.

मग व्हिडिओ बघून जायचंच नाही का?

जायला हरकत नाही, पण व्हिडिओला तीन प्रश्न विचारून. हा कोणत्या महिन्यातला आहे? त्याच्या आदल्या दोन दिवसांत पाऊस किती झाला होता? आणि हे लोक परत कोणत्या वाटेने आले? जीपीएसचा ट्रॅक डाउनलोड केला असेल तर त्यालाही हेच लागू होतं. तो वाट बरोबर दाखवतो, वाटेवरचं पाणी दाखवत नाही.

आणि स्वतः व्हिडिओ टाकणार असाल, तर लोकेशनसोबत तारीखही लिहा. 'जानेवारीत केला, पावसाळ्यात ही वाट बंद असू शकते' एवढी एक ओळ पुरते. ती वाचून पुढच्या जुलैमध्ये एखादा ग्रुप खांडसच्या पहिल्याच ओढ्यावरून मागे फिरू शकतो, किंवा भीमाशंकरहून एसटीने घरी जाऊ शकतो.